परिकल्पना-परीक्षणाचा सराव : टेबल आधी की पाकिटं आधी?

तुकोगंजकर

इंदुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांची सांख्यिकीची शिकवणी घेतो. माझं म्हणणं जरा टोकाचं आहे, म्हणूनच इथे मांडतोय : पहिला महिनाभर मुलांच्या हातात टी-टेबल, म्हणजे काढलेला आकडा ज्याच्याशी ताडून निकाल लावतात तो छापील तक्ता, देऊच नये.

हल्लीचा सराव कसा असतो? सरासरी, प्रमाण विचलन (आकड्यांचा पसारा), नमुन्याची संख्या, सगळं गणितात आयतं दिलेलं. मुलगा एच-नॉट (‘फरक नाही’ हे गृहीत) लिहितो, एच-वन (‘फरक आहे’) लिहितो, सूत्रात आकडे टाकतो, ‘कॅलक्युलेटेड व्हॅल्यू टेबल व्हॅल्यूपेक्षा मोठी, सबब एच-नॉट रिजेक्ट’ असं लिहून खाली दोन रेघा मारतो. पूर्ण गुण. त्यालाच विचारा, पी-व्हॅल्यू ०.०३ आली म्हणजे काय? उत्तर ठरलेलं : ‘एच-नॉट खरं असण्याची शक्यता ३ टक्के.’ साफ चूक. पी-व्हॅल्यू काढताना आपण एच-नॉट खरं धरूनच चालतो. तसं धरलं तर हाती आलाय इतका किंवा याहून टोकाचा निकाल किती वेळा दिसेल, एवढंच ती सांगते. पण ढीगभर गणितं सोडवली तरी हा फरक कळण्याची गरजच पडत नाही, ही खरी गोम आहे.

मी काय करतो ते सांगतो. समजा, १०० ग्रॅमची म्हणून विकली जाणारी सेवेची पाकिटं दोन दुकानांतून चार-चार आणली. पहिल्या दुकानाची वजनं ९८, १०१, ९७, ९९. दुसऱ्याची १०२, १००, १०४, १०३. सरासरीत फरक साडेतीन ग्रॅमचा. एच-नॉट म्हणतं, दुकानामुळे काही फरक पडत नाही. ठीक आहे, मग पाकिटांवरच्या दुकानाच्या चिठ्ठ्या काढा आणि वाटेल तशा पुन्हा चिकटवा. आठातून चार निवडायचे प्रकार ७०. त्यांतल्या कितींमध्ये पहिल्या दुकानाची बेरीज ३९५ किंवा त्याहून कमी येते? दोनच : आपल्याला मिळालेला, आणि ९७-९८-९९-१०० हा. ७० पैकी २, म्हणजे ०.०२९. सूत्र नाही, टेबल नाही. पी-व्हॅल्यू कुठून येते ते मुलाला बोटांवर मोजता येतं.

सेव परमल

भिया, मोजून झाल्यावर पाकिटांचं काय करता तेवढं सांगा, मी उद्यापासून शिकवणीला येतो.

जुनी वही

तुकोगंजकर, हेतू चांगला आहे, उपाय पटत नाही. शेतकीच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवण्यात माझी अख्खी नोकरी सरली. शेतावरचा प्रयोग आठ पाकिटांचा नसतो. २० वाफे एका वाणाचे आणि २० दुसऱ्याचे घेतले, की चिठ्ठ्या बदलायचे प्रकार होतात १३,७८४ कोटींहून जास्त. ते कोणाच्या बोटांवर मोजणार? कॉम्प्युटर मोजेल म्हणाल; मग मुलाच्या दृष्टीनं टेबल काय आणि कॉम्प्युटर काय, दोन्ही झाकलेलेच डबे.

आपल्या इंदूरचंच बघा. इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत कापसाच्या प्रयोगांवर व्ही. जी. पानसे यांनी काम केलं. पुढे त्यांनी आणि पां. वा. सुखात्मे यांनी शेतीतल्या कार्यकर्त्यांसाठी लिहिलेलं सांख्यिकीचं पुस्तक १९५४ साली निघालं. त्यावर शिकलेल्यांनी हातानं आकड्यांचे वर्ग काढून बेरजा केल्या आणि टेबलं चाळली. आकड्यांशी हात खेळला की कुठला आकडा खोटा वाटतो ते आपोआप कळायला लागतं. ही जाण घोकंपट्टीतून नाही आली, पण सरावातून नक्की आली.

आता तुमच्याच पाकिटांकडे येतो. मी त्यांच्यावर टी-चाचणी लावली, म्हणजे सरासरीतला फरक पसाऱ्याच्या मानानं किती मोठा ते पाहिलं. दोन्ही दुकानांचा व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) २.९२, तुमच्या सोयीचे आकडे म्हणून सारखाच. टी आली २.९०. डिग्रीज ऑफ फ्रीडम (आठ पाकिटं वजा दोन सरासऱ्या) ६, दोन्ही बाजूंनी, म्हणजे कुठलंही दुकान हलकं निघालं तरी धरून, ५ टक्क्यांची टेबल व्हॅल्यू २.४४७. रिजेक्ट! तुमच्या मोजणीत दोन्ही बाजू धरल्या तर ७० पैकी ४, म्हणजे ०.०५७. ५ टक्क्यांच्या वर, रिजेक्ट नाही! तुम्ही एकच बाजू मोजून ०.०२९ दाखवलीत. तेव्हा मुलांना नेमकं काय सांगणार, दुकानांत फरक आहे की नाही?

तुकोगंजकर

सर, हा प्रश्न वर्गात उभा राहावा एवढ्यासाठीच तर खटाटोप. आयत्या गणितात ‘टू-टेल्ड’ (दोन्ही बाजूंची) हा शब्द छापलेला असतो, मुलाला ठरवायचं काहीच नसतं. इथे त्याला ठरवावं लागतं. पहिलं दुकान मापात मारतं असा संशय वजन करण्याआधीच असेल, तर एक बाजू. आकडे पाहून संशय आला असेल, तर दोन्ही. आधी आकडे पाहायचे आणि मग सोयीची बाजू निवडायची, ही लबाडी आहे हे नियम म्हणून सांगितलं की मुलं विसरतात. ०.०२९ आणि ०.०५७ शेजारी-शेजारी पाहिले की विसरत नाहीत.

राहिला टी-चाचणीचा आणि माझ्या मोजणीचा फरक. टी-चाचणी वजनं नॉर्मल वितरणातली (मध्ये दाट, दोन्हीकडे सारखी विरळ होत जाणारी) आहेत असं धरून चालते. त्या गृहीताच्या जोरावर ती चार पाकिटांतून जास्त माहिती पिळून काढते. मोजणी तसं काही धरत नाही, म्हणून तिची पावलं जाडी : ७० पैकी १, २, ३ अशीच सरकणार. तीन-तीन पाकिटं घेतली असती तर प्रकार २०. दोन्ही बाजूंनी लहानात लहान पी-व्हॅल्यू २० पैकी २, ०.१०. म्हणजे पहिल्या दुकानानं अर्धी पाकिटं रिकामी दिली तरी ५ टक्क्यांवर एच-नॉट रिजेक्ट होणं शक्यच नाही! नमुना इतका लहान असला की चाचणीला बोलायला तोंडच उरत नाही, हे टी-टेबल कधी दाखवत नाही. ते तीन-तीनलाही ऐटीत उत्तर देतं.

बीएस्सी दुसरं सेम

काका, सर, तुमच्या वादात आमचा पेपर राहून जातोय. पेपरात ‘चिठ्ठ्या बदलून मोजलं’ असं लिहिलं तर तपासणारे गुण देतील का? आमच्याकडे पायऱ्यांना गुण असतात. एच-नॉट नीट लिहिलं नाही तर तिथेच एक गुण गेला. मला तर आधी पायऱ्या पाठ झाल्या आणि अर्थ नंतर कळला, तोही सांख्यिकीतज्ज्ञ फिशरच्या चहाच्या प्रयोगावरून. आठ कप, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. एका बाईंनी चव घेऊन दूध आधीचे चार कप ओळखायचे. तिथेही प्रकार ७०च, तुमच्या पाकिटांसारखे. चारही बरोबर आले तर ७० पैकी १. पण एक चुकला, म्हणजे तीनच बरोबर आले, तर किमान तीन बरोबर येण्याची शक्यता थेट ७० पैकी १७. एका कपानं ०.०१४ वरून ०.२४ वर! हे कळलं तेव्हा मजा आली. पण पायऱ्या आधी पाठ होत्या म्हणूनच काय शोधायचं ते माहीत होतं.

जुनी वही

शाबास. आणि फिशरचंच नाव निघालंय तर पुढचंही ऐका. चहाचा प्रयोग ज्यात आहे त्याच १९३५ च्या ‘द डिझाइन ऑफ एक्स्परिमेंट्स’ या पुस्तकात त्यानं डार्विनच्या मक्याच्या १५ जोड्या घेतल्या : जोडीतलं एक रोप परपरागणाचं, एक स्वपरागणाचं. टी-चाचणीनं पी-व्हॅल्यू आली ४.९७ टक्के. मग जोड्यांमधल्या फरकांची अधिक-उणे चिन्हं उलटसुलट करण्याचे सगळे ३२,७६८ प्रकार धरून मोजलं, आली सुमारे ५.२७. एक ५ टक्क्यांच्या रेषेच्या अलीकडे, एक पलीकडे. म्हणून त्यानं टेबल फेकून दिलं का? उलट, नॉर्मलचं गृहीत बाजूला ठेवूनही टी-टेबल किती जवळ जातं हे त्यातून दिसलं. तुकोगंजकर, तुमची पद्धत ही टेबलाला दिलेली पावती आहे. ती टेबलाच्या जागी कशाला बसवता?

रेषेबाहेर

४.९७ ला ‘फरक आहे’ आणि ५.२७ ला ‘नाही’ म्हणणारी ही रेषाच मुळात कशाला हवी? मी वैद्यकीय संशोधनाचं आकड्यांचं काम करते. डॉक्टर मंडळी कागद पुढे सरकवतात आणि एकच विचारतात, ‘ताई, सिग्निफिकंट आलं का?’, म्हणजे पी-व्हॅल्यू रेषेखाली आली का. फरक किती आला हे विचारत नाहीत. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं २०१६ साली निवेदन काढून सांगितलं की केवळ पी-व्हॅल्यू रेषा ओलांडते की नाही एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. २०१९ मध्ये ‘नेचर’मधल्या लेखावर ८०० हून अधिक जणांनी सह्या केल्या की ‘स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट’ हा शिक्काच बंद करा. आणि आपण इथे पहिल्या वर्षाला तोच शिक्का मारायला शिकवतोय, कोणी टेबलानं, कोणी चिठ्ठ्यांनी.

पाकिटांचा ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्यात असावा असा पट्टा) काढा : साधारण ०.५ ते ६.५ ग्रॅम. यातून ग्राहकाला खरं ते कळतं. फरक अर्ध्या ग्रॅमचाही असू शकतो, म्हणजे नगण्य, आणि साडेसहाचाही, म्हणजे चक्क लूट. माहिती अजून तोकडी आहे, इतकंच खरं उत्तर.

जुनी वही

ताई, त्या इंटरव्हलमध्ये शून्य नाही, म्हणजे ५ टक्क्यांवर रिजेक्ट. तीच टी, तेच २.४४७. चाचणी गेली कुठे?

रेषेबाहेर

गेली नाही, पण ग्रॅममध्ये बोलायला लागली. २.९० हा आकडा दुकानदाराला सांगून पाहा.

पिथमपूर दुसरी पाळी

पिथमपूरला कारखान्यात तपासणी विभागात आहे. ताई, तुमचं ‘माहिती तोकडी आहे’ हे उत्तर आमच्याकडे चालत नाही. मालाचा लॉट दारात उभा असतो, ट्रक खोळंबलेला असतो, घ्यायचा की परत पाठवायचा ते संध्याकाळच्या आत सांगावं लागतं. रेषा लागतेच. सांख्यिकीतज्ज्ञ नेमन आणि ईगॉन पिअर्सन यांनी १९३३ साली मांडलं ते हेच : दोन प्रकारच्या चुका होणार, कुठली किती परवडते ते आधी ठरवा आणि मग नियम करा. चांगला लॉट परत गेला ही उत्पादकाची जोखीम, खराब लॉट आत आला ही ग्राहकाची.

माझी तक्रार तुम्हा तिघांविरुद्ध आहे. तुमचं सगळं भांडण पहिल्या चुकीवर, नसलेला फरक दिसण्यावर, म्हणजे अल्फावर. दुसरीचं, असलेला फरक निसटण्याचं, नाव कोणी काढलं नाही. आमच्याकडे नवी मुलं येतात, गणितं तोंडपाठ, पण ‘रिजेक्ट झालं नाही’ म्हणजे ‘माल चांगला’ असंच समजतात. पाचच नग तपासून ‘फरक आढळला नाही’ लिहितात. पाचांत आढळणार तरी कसा? सरावच द्यायचा असेल तर उलटा द्या : दोन ग्रॅमचा फरक असेल तर तो दहापैकी आठ वेळा पकडता यावा, किती पाकिटं लागतील? तुमच्याच पाकिटांचा पसारा धरला, म्हणजे प्रमाण विचलन सुमारे १.७ ग्रॅम, तर प्रत्येक दुकानाची १२-१३ पाकिटं. चार नव्हेत.

बीएस्सी दुसरं सेम

दादा, हे १२-१३ कसं आलं?

पिथमपूर दुसरी पाळी

१.९६ आणि ०.८४ ची बेरीज २.८. तिचा वर्ग ७.८४, दुप्पट १५.६८. त्याला व्हेरियन्स २.९२ नं गुण, फरकाच्या वर्गानं, म्हणजे ४ नं, भाग. साडेअकराच्या आसपास येतं, म्हणजे १२. टी वापरणार म्हणून एखादं वाढव. १.९६ हे अल्फाचं, ०.८४ हे ८० टक्के पॉवरचं, म्हणजे दहापैकी आठ वेळा पकडण्याचं. आता फरक एक ग्रॅमचा धरून कर. भागाकार १ नं होईल, पाकिटं चौपट. सेवेचा खर्च काकांकडून घे.

तुकोगंजकर

हे गणित माझ्या दुसऱ्या आठवड्यात घेतो, उसनं. पण सर, टेबलाबद्दल मी हटत नाही. वरच्या पोरानं पायऱ्या आधी पाठ केल्या आणि अर्थ त्याला चहाच्या कपांनी दिला. ते कप अभ्यासक्रमाच्या बाहेरून आले, हीच माझी तक्रार आहे.

जुनी वही

आणि पायऱ्या आतून आल्या, हे माझं उत्तर. असो. त्यापेक्षा एक अडचण सांगतो, जी टेबलालाही आहे आणि चिठ्ठ्यांनाही. तुमची चार पाकिटं एकाच दुकानातून एकाच वेळी उचललेली ना? एकाच हातानं, एकाच काट्यावर, एकाच सकाळी भरलेली. तो काटा त्या दिवशी दोन ग्रॅम सरकलेला असेल, तर चारही पाकिटं दोन ग्रॅमनं हलकी. मग ती चार स्वतंत्र निरीक्षणं नाहीत. ७० चा हिशेबही बाद आणि ६ डिग्रीज ऑफ फ्रीडमही बाद. पिथमपूरकरांचे १२ नग एका दमात आणले तर तेही बाद.

पिथमपूर दुसरी पाळी

सर, म्हणूनच आम्ही पाळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी नग उचलतो.

सेव परमल

म्हणजे रोज एक पाकीट आणायचं, दोन्ही दुकानांतून, पंधरवडाभर. काका, शिकवणीची वेळ सांगा.