विषय: टिलर आणावा की कुदळ-फावड्यानेच भागेल?

मंडळी नमस्कार,

आपल्या बागकाम मंडळाच्या या यादीवर पहिल्यांदाच लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. घरामागे साधारण सहा बाय पाच मीटरचा हिरवळीचा तुकडा आहे. यंदा तिथं भाजीपाल्याचे वाफे करायचेत. शेजारी म्हणतात टिलर (फिरत्या पात्यांनी माती फोडणारं मशीन) भाड्याने आण, दोन तासांत मोकळा होशील. बायको म्हणते एवढ्याशा जागेला मशीन कशाला, कुदळ मार. माझी कंबर शेजाऱ्यांच्या बाजूने आहे. कुणाकडे टिलर आहे का? किंवा मंडळानेच वर्गणी काढून एक घेतला, आळीपाळीने वापरला, तर?

आपला,
नवा बागायतदार (बाग व्हायचीय)

----------

उत्तर: टिलर आणावा की कुदळ-फावड्यानेच भागेल?

नव्या बागायतदारांना नमस्कार,

टिलर माझ्याकडे होता, विकला. पण त्याची निंदा करायला बसलेलो नाही. कोरी, घट्ट, मोठी जमीन पहिल्यांदा फोडायला तो कामाचा आहे. कॅल्शियमचा चुना किंवा फॉस्फरस खोलवर मिसळायचा असेल तरीही, कारण हे पदार्थ वरून टाकले तर मातीत फार सावकाश उतरतात. माती तपासणीत तसं काही निघालं नसेल तर हे कारण सोडून द्या.

भाड्याची चौकशी करण्याआधी जागेच्या मधोमध एक खड्डा घ्या, फूटभर खोल. (जमिनीखालून वायर किंवा पाइप गेलेत का, हे त्याच्याही आधी विचारा.) त्या खड्ड्यात आडवी, पांढरट, पेरापेराची दोरीसारखी मुळं दिसली, म्हणजे हरळीच्या जातीचं काही असेल, तर टिलरचं नाव काढू नका. त्या प्रत्येक पेऱ्याला डोळा असतो. मी पहिल्या वर्षी नेमकं तेच केलं. पाती फिरली, माती चाळून ठेवल्यासारखी भुसभुशीत झाली, मी अभिमानाने फोटोसुद्धा काढले. तीन आठवड्यांनी तिथं आधीपेक्षा दाट हरळी. मी तण काढलं नव्हतं, तुकडे करून समान अंतरावर लावलं होतं! शिवाय खालच्या थरात वर्षानुवर्षं झोपलेलं तणाचं बी उजेडात आलं, ते वेगळंच.

दुसरी चूक जास्त महागात पडली. पाऊस थांबून दोनच दिवस झाले होते आणि मशीन हाताशी होतं, म्हणून घातलं. माझी माती चिकण. टिलरची पाती दर फेरीला एकाच खोलीवर फिरतात, त्यामुळे ओल्या मातीत खालचा थर घासून चकचकीत होतो, गिलावा केल्यासारखा. वरून काही कळत नाही. त्या वर्षीची गाजरं पंधरा सेंटीमीटरवर जाऊन काटकोनात वळली होती. एक उपटून हातात घेतलं तेव्हा खाली काय झालंय ते समजलं.

माती ना चिकट ना कोरडी, मशागतीला योग्य ओलाव्याची असते, त्या अवस्थेला आपल्या शेतकऱ्यांकडे नेमका शब्द आहे: वाफसा. मूठभर माती बोटभर खोलीवरून नव्हे, वीतभर खालून घ्या, घट्ट दाबा, मग अंगठ्याने टोचा. ढेकूळ फुटून कणी झाली तर वाफसा आलाय. नुसता खळगा पडला किंवा लकाकी आली तर घरात जाऊन बसा. हा नियम कुदळीलाही आहे. फरक इतकाच की ओल्या मातीत कुदळ मारताना तुम्हीच दहा मिनिटांत कंटाळता. इंजिन कंटाळत नाही.

आणायचाच असेल तर पाती मागच्या बाजूला असलेला आणा. पुढच्या पात्यांचा घट्ट हिरवळीवर उड्या मारतो आणि तुम्हाला ओढत नेतो. आधी हिरवळ चकत्या कापून उचला. पहिली फेरी उथळ, मग थोडी खोल, बस्स. पीठ करू नका, मोठे कण राहू देत. पायात जाड बूट. पात्यांना मुळं गुंडाळली की इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढल्याशिवाय हात घालायचा नाही, यात "एक सेकंद फक्त" चालत नाही.

तुमच्या तीस चौरस मीटरला मी ब्रॉडफोर्क घेईन. दोन दांड्यांचा रुंद काटा असतो. त्यावर उभं राहायचं, दात वजनाने आत जाऊ द्यायचे, मग दांडे आपल्याकडे ओढायचे. माती उचलते, उलटत नाही. वाकायचं नसल्याने कंबरही वाचते. दगड फार असतील तर मात्र साधा काटा आणि पहार.

काका

----------

उत्तर: उत्तर: टिलर आणावा की कुदळ-फावड्यानेच भागेल?

काका, हरळीचं अगदी पटलं. पण मुळात खणायचंच कशाला? मी हिरवळ उचललीसुद्धा नाही. तळाशी कापली, त्यावर चिकटपट्ट्या काढलेले पुठ्ठे एकमेकांवर चढवून अंथरले, भिजवले, वर दहा सेंटीमीटर कंपोस्ट. खालचं गवत उजेडाविना कुजलं, गांडुळांनी पुठ्ठा संपवला. पाच वर्षांत कुदळीला हात लावलेला नाही. मशीनने माती ढवळली की हवा लागून सेंद्रिय पदार्थ भराभर संपतात. पहिलं पीक जोमदार येतं आणि लोकांना वाटतं टिलरची कमाल. ती पुढच्या वर्षांची शिल्लक असते.

ताई

----------

ताई, पद्धत उत्तम, पण त्याला सांगा किती कंपोस्ट लागेल. तीस चौरस मीटरवर दहा सेंटीमीटर म्हणजे तीन घनमीटर. ऐंशी लिटरच्या ढकलगाडीने सदतीस-अडतीस फेऱ्या. ज्याची कंबर आधीच शेजाऱ्याच्या पक्षात गेलीय त्याला हे आधी कळू द्या. आणि तुमची माती भुसभुशीत होती. खाली दाबलेला थर असेल तर पुठ्ठा तो लवकर फोडत नाही.

काका

----------

काका, ताई, आभार.

काल खड्डा घेतला. दोरीसारखी मुळं नाहीत. वरचे वीस सेंटीमीटर काळसर, मोजून सात गांडुळं निघाली. त्याखाली फावडं टणकन वाजलं: दगड नाही, नुसती घट्ट पिवळी माती. खड्डा पाण्याने भरला, ते जिरल्यावर पुन्हा भरला. रात्री बॅटरी घेऊन बघितलं तर दुसरं पाणी निम्मं तसंच होतं. म्हणजे काका म्हणाले तसा दाबलेला थर खाली आहेच.

तेव्हा ठरवलंय असं: पूर्ण जागा खणायची नाही. पायवाटा सोडल्या तर वाफ्यांची जागा अठरा चौरस मीटरच होते. तेवढ्यात ब्रॉडफोर्क, वर ताईंचे पुठ्ठे आणि कंपोस्ट. बावीस-तेवीस फेऱ्या, दोन दिवसांत वाटून. मंडळाच्या टिलरचा प्रस्ताव मागे घेतो. त्याऐवजी दोन ब्रॉडफोर्क घेऊ या का? पेट्रोल शिळं होऊन कार्बुरेटर चोंदायची भानगड नाही, आणि शेवटी कुणी वापरला यावरून भांडणही नाही.

काका, तुमचा ब्रॉडफोर्क या शनिवारी मिळेल? कालपासून पाऊस लागलाय. शुक्रवारी संध्याकाळी मूठ दाबून बघतो आणि कळवतो.