साबण घातला की नॅनोट्यूब पसरल्या? बाटलीत पसरल्या, पुढचं काय

काळी_बाटली:
काल इथे एकानं लिहिलं, "नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) पॉलिमरमध्ये पसरत नाहीत म्हणून रडू नका. १ टक्का एसडीएस साबण टाका, अर्धा तास प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी घुसळणारी दांडी) लावा, काम फत्ते." याच सल्ल्यापायी माझं एमटेकचं अख्खं सेमिस्टर वाया गेलंय, म्हणून लिहितो.

एसडीएसची शेपटी ट्यूबला चिकटते, भारित डोकं पाण्याकडे राहतं आणि ट्यूब एकमेकींना दूर ढकलतात, हे मान्य. माझी बाटली तीन आठवडे शाईसारखी काळी होती, तळाला गाळ नाही. तेच पीव्हीएत (पाण्यात विरघळणारा पॉलिमर) मिसळून पेट्रीडिशमध्ये वाळवलं. पाणी उडालं, साबण कुठे जाणार? फिल्मवर बोट फिरवलं की ओल्या साबणवडीसारखं बुळबुळीत, कडेला पांढरी पापुद्री. ताणली तर नुसत्या पीव्हीएच्या आधी तुटली. साबण धुवायला पाण्यात टाकली तर फिल्मच फुगून विरघळायला लागली.

लॅटेक्सवाली:
पॉलिमर चुकीचा निवडलात आणि दोष साबणाला! पॉलिस्टायरीनचं लॅटेक्स (पाण्यात पसरलेले पॉलिमरचे बारीक कण) घ्या, त्यात साबण मुळातच असतो. ट्यूबचं पाणी त्यात मिसळा, फ्रीझ ड्राय करा (गोठवून वाळवा), हॉटप्रेस करा. ट्यूब कणांच्या फटींत अडकतात आणि जाळं तयार होतं. ट्यूब १ टक्क्याच्या आत असल्या तरी फिल्ममधून वीज वाहते, मी स्वतः मल्टिमीटर लावून बघितलंय.

वसईचा_एक्स्ट्रुडर:
फ्रीझ ड्रायरवर कारखाना चालवून दाखवा, मग बोलू. आम्ही क्वाटर्नरी अमोनियम (साबणासारखंच काम करणारं रसायन) लावलेली क्ले, म्हणजे बारीक माती, नायलॉनमध्ये घातली होती. नायलॉन २४० अंशांवर चालतो, तो अमोनियम २०० च्या आसपासच तुटायला लागतो. मशीनच्या व्हेंटमधून सडक्या माशासारखा वास, दाणे पिवळे, सगळा माल परत. पुरवठादारानं फोन उचलायचं बंद केलं.

लॅटेक्सवाली:
मग टोयोटानं १९८० च्या दशकात नायलॉन-६ आणि क्लेचं कसं जमवलं? ५ टक्क्यांहून कमी क्लेत उष्णतेनं वाकायचं तापमान ६५ अंशांवरून १४० च्या पुढे गेलं.

काळी_बाटली:
ते उदाहरण माझ्या बाजूचं आहे. त्यांनी १२-अमिनोलॉरिक आम्ल लावलं होतं. त्याचं एक टोक क्लेला धरतं आणि दुसऱ्या टोकापासून नायलॉनची साखळीच वाढते. एसडीएसला असं दुसरं टोक आहे कुठे?

ग्रिड_आधी_दाखवा:
तुम्ही दोघंही "पसरलं" हे ठरवता कशावरून? एसईएमच्या (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या) एका फोटोवरून. आमच्या लॅबमध्ये चाळीस फोटो काढायचे आणि एक छापायचा. उरलेल्या एकोणचाळिसांत गुठळ्या. मी विचारलं तर गाईड म्हणाले, "रिव्ह्यूअर एवढंच बघतो."

लॅटेक्सवाली:
म्हणजे मी खोटा फोटो लावला, असं म्हणायचंय?

ग्रिड_आधी_दाखवा:
नाव घेतलं नाही. कमी झूमचा, अख्ख्या कापाचा फोटो लावा, एवढंच म्हणतोय.

लॅटेक्सवाली:
एसईएमचा स्लॉट दीड महिन्यानं मिळतो, तासाला पैसे मोजावे लागतात. कमी झूमवर वेळ घालवला की पुढच्या स्लॉटपर्यंत थांबायचं. स्टायपेंड पाच महिने रखडलेला असताना इथे प्रामाणिकपणा शिकवू नका.

वसईचा_एक्स्ट्रुडर:
ताई, स्टायपेंडचं खरंच वाईट आहे. पण तुमच्या त्या एका फोटोवर विश्वास ठेवून माझ्यासारखा माणूस क्लेची ऑर्डर देतो. एसईएम सोडा, दाण्याची पातळ फिल्म दाबून उजेडासमोर धरा. मोठ्या गुठळ्या डोळ्यांना दिसतात.

ग्रिड_आधी_दाखवा:
आणि सोनिकेटर अर्धा तास म्हणजे ट्यूबही तुटून आखूड होतात. तो आखूडपणाही फोटोत "छान पसरलं" असाच दिसतो.

लॅटेक्सवाली:
ट्यूब तुटतात, बरोबर. म्हणून मी बर्फात ठेवून, कमी ताकदीवर चालवते. साबण मात्र सोडणार नाही, त्याशिवाय लॅटेक्सच टिकत नाही.

काळी_बाटली:
सोडू नका, पण १ टक्का कशाला? एसडीएसचा सीएमसी (ज्याच्या वर साबणाचे रेणू एकत्र येऊन मिसेल नावाचे गोळे बनतात ती मर्यादा) ८ मिलिमोलर, म्हणजे ०.२३ टक्के. जादा मिसेल झाले की तेच ट्यूबना परत एकत्र ढकलतात.

लॅटेक्सवाली:
०.४ वर एक बॅच करते. कमी झूमचा फोटोही काढते, स्लॉट मिळाला तर. पण पीव्हीएत तुमचं फसलं ते तुमचंच, ते माझ्या लॅटेक्सवर ढकलू नका.