'कोक्यू' म्हणजे फसवणारा नव्हे, फसलेला!

शब्दवेडी: काल इथे लिहिलं गेलं, 'फ्रेंच लोक बाहेरख्याली नवऱ्याला कोक्यू म्हणतात, कारण तो कोकिळेसारखा घरं बदलतो.' साफ चूक! कोक्यू म्हणजे ज्याची बायको दुसऱ्याकडे जाते तो नवरा. शब्द कूकू पक्ष्यावरून आला हे खरं. मादी दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालते, पण नाव चिकटलं घरटंवाल्याला. फ्रेंच नाटककार मोलिएरच्या 1660 च्या नाटकाच्या नावातच हा शब्द आहे, आणि त्यातला नवरा बायकोवर नुसता संशय घेत असतो.

मूळ लेखक: मग लॅटिनचं काय? रोमन नाटककार प्लाउटसच्या नाटकात बायको बाहेर रंगेहाथ सापडलेल्या नवऱ्यालाच 'कुकुलुस', म्हणजे कूकू, म्हणते.

शब्दवेडी: बरं, लॅटिनपुरतं मान्य. पण तुम्ही फ्रेंच लिहिलं होतंत.

रानवाटा: कोकिळेला कशाला मध्ये ओढता? कूकू वेगळा, आपली कोकिळा वेगळी. कूकूचं पिल्लू घरमालकाची अंडी पाठीवर घेऊन बाहेर ढकलतं, कोकिळेचं सहसा तसं करत नाही. आमच्या आंब्यावर कावळीण त्याला भरवत होती, चोच पार घशात घालून. दोन आठवडे मी खिडकीतून हललो नाही. कावळ्याला आपल्याकडे कुणी हसतं का?

मूळ लेखक: अहो, धागा शब्दावर आहे, पक्ष्यांवर नाही!

रानवाटा: पक्षी तुम्हीच आणलात. चुकीचा आणलात.

वकीलीणबाई: पक्षी पुरे. हसं नवऱ्याचं, पण तुरुंग कुणाला? 1810 च्या फ्रेंच दंडसंहितेत व्यभिचारी बायकोला तीन महिने ते दोन वर्षं कैद. नवऱ्याला फक्त 100 ते 2000 फ्रँक दंड, तोही बाई घरात आणून ठेवली तरच! हे 1975 मध्ये रद्द झालं. त्या कोक्यूची कीव मला येत नाही.

शब्दवेडी: कायद्याचं तुमचं खरं, वाद नाही. पण कीव येत नाही म्हणू नका. माझी वहिनी घर सोडून गेली तेव्हा अख्खी चाळ भावालाच हसली. 'बायको सांभाळता आली नाही' हे त्याने नळावर, बादली भरताना ऐकलं. नंतर तो पहाटे चारला उठून पाणी भरायचा. कोक्यू शब्द वर्गात शिकले तेव्हा मला तो नळ आठवला. म्हणून एवढी चिडले.

वकीलीणबाई: भावाबद्दलचे शब्द मागे घेते. कलमाबद्दलचे नाही.

रानवाटा: वाईट वाटलं ऐकून. लेखातलं 'कोकिळेसारखा' मात्र काढा.