सिक्युरिटी एजन्सीचा वार्षिक आढावा, सामाजिक बांधिलकी आणि गार्डची साप्ताहिक सुट्टी

टिळकवाडीकर (धागा सुरू करणारे):
बेळगाव शहरातील एका सिक्युरिटी एजन्सीचा वार्षिक आढावा सध्या प्रत्येक गटात फिरत आहे. नवी कंत्राटे, गुणवत्तेचे प्रमाणपत्र, महिला गार्डची भरती, रक्तदान शिबिर, मराठी शाळेत वह्यावाटप आणि वृक्षारोपण यांची त्यात सचित्र नोंद असून शेवटी ‘समाजाप्रति बांधिलकी हीच आमची ओळख’ असे लिहिले आहे. त्याखाली अभिनंदनाची रीघ लागलेली पाहून हे सविस्तर लिहावेसे वाटले. रक्तदानाला माझा विरोध नाही. मात्र माणसाचे जागणे हाच ज्या धंद्याचा माल, त्याच्या आढाव्यात गार्डचे वेतन, ड्युटीचे तास, सुट्टी आणि पीएफचा भरणा यांविषयी एक ओळही नसावी, हे मला खटकते. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली केंद्राने जे आदर्श नियम केले, त्यांत नव्या गार्डसाठी वर्गात १०० तास आणि प्रत्यक्ष जागेवर ६० तास प्रशिक्षण सांगितले आहे. आमच्या अपार्टमेंटला आलेला मुलगा सकाळी गावाहून आला आणि त्याच रात्री शिटी घेऊन गेटवर बसला. आग विझवण्याचा सिलिंडर कसा उघडायचा, हे त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी दाखवले.

उद्यमबागकर:
मी याच धंद्यात आहे, म्हणून उत्तर देतो. टिळकवाडीकरांनी आपल्या अपार्टमेंटची सभा आठवावी. एजन्सीचे दरपत्रक समोर आले की ‘प्रशिक्षण किती तास दिले?’ असे कोणी विचारत नाही. ‘किती कमी करता?’ असेच विचारतात. आठ तासांच्या पाळ्या लावल्या तर चोवीस तासांच्या एका पॉइंटला तीन माणसे लागतात आणि त्यांना सुट्टी द्यायची तर रिलीव्हरसाठी (बदली गार्डसाठी) वेतनाचा सहावा हिस्सा वेगळा धरावा लागतो. त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ, ३.२५ टक्के ईएसआय (कामगारांच्या आरोग्य विम्याची वर्गणी), बोनस, गणवेश, आमचा सर्व्हिस चार्ज आणि एवढ्या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी येतो. हा हिशेब मांडला की सेक्रेटरी म्हणतात, बारा-बारा तासांची दोनच माणसे द्या. आम्ही नाही म्हटले तर देणारा दुसरा तयारच असतो. टेंडरमध्ये सर्व्हिस चार्ज जवळजवळ शून्य भरणारे महाभाग आहेत. ते जगतात कशावर, हे टेंडर उघडणारा विचारत नाही. राहिले रक्तदान. ज्याला ते रक्त मिळाले, त्याने पिशवी कोणाच्या शिबिरातली आहे हे पाहून ती परत केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

टिळकवाडीकर:
ते जगतात कशावर, हे आपल्याच हिशेबात आले आहे: न दिलेल्या सुट्टीवर आणि आठ तासांपुढच्या ज्या चार तासांना दुप्पट दर द्यायला हवा, त्या चार तासांवर.

निवृत्त सुभेदार, हिंडलगा:
मूळ दुखणे भरतीत आहे. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने आसपासच्या गावांत माजी सैनिकांची वाण नाही. एजन्सीच्या पत्रकावर आमची शिस्त आणि आमची पदके छापली जातात, गेटवर मात्र मोबाइलमध्ये मान घातलेली विशीतली पोरे दिसतात. वर उल्लेखलेल्या नियमांत माजी सैनिकाला ४० तास वर्ग आणि १६ तास प्रत्यक्ष, एवढेच प्रशिक्षण पुरते, कारण तो शिकूनच आलेला असतो. तरीही आम्ही नको असतो, कारण न आलेल्या माणसाची हजेरी लावायला आम्ही तयार होत नाही.

खानापूरचा माजी गार्ड:
सुभेदारसाहेबांविषयी आदर ठेवून लिहितो. आपल्याला पेन्शन आहे, कँटीन आहे, दवाखाना आहे. आम्ही काही मुलांनी एका कारखान्याच्या गेटवर पगारवाढ मागितली, तेव्हा ‘याच पगारात दोन माजी जवान उद्यापासून यायला तयार आहेत’ एवढे एकच वाक्य बोलून सुपरवायझरने आम्हाला गप्प केले. मोबाइलचे म्हणाल, तर रिलीव्हर आला नाही म्हणून रात्रीवर दिवसाची ड्युटी चढते, तेव्हा डोळे उघडे ठेवायला दुसरे काय असते? माझ्या पगारातून ईएसआय दरमहा कापला जात होता. आईच्या आजारपणात चौकशी केली, तेव्हा माझ्या नावावर भरणाच नसल्याचे कळले. शाळेत वह्या वाटणाऱ्यांनी आधी हे पैसे भरावेत.

निवृत्त सुभेदार, हिंडलगा:
पेन्शन ही खैरात नाही! ती सीमेवर काढलेल्या वर्षांची आहे. गेटवरच्या रात्रीचे दाम मलाही पूर्ण हवेत. आपल्या सुपरवायझरने आपल्याला जे ऐकवले, तेच मला उलट्या बाजूने ऐकवण्यात आले: ‘तुमच्या निम्म्या पगारात गावचा पोरगा मिळतो.’ दोघांनाही एकाच हत्याराने नमवले गेले आणि आपण मात्र इथे माझ्या कँटीनचा हिशेब काढत आहात. आपल्या आईच्या बाबतीत जे झाले, ते मात्र गुन्ह्यासारखेच आहे.

चंदगडकर:
महाराष्ट्रात खासगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा कायदा आहे. जिथे त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळ स्थापन झाले आहे, तिथे मालक वेतन मंडळाकडे भरतो आणि मंडळ ते नोंदणीकृत रक्षकाला देते. १९५६ साली बेळगाव पलीकडे गेले नसते, तर निदान मंडळ मागण्याची सोय तरी राहिली असती. आज खानापूरच्या मुलाला त्याला धड वाचता न येणाऱ्या भाषेतले नियुक्तिपत्र मिळते आणि तो मुकाट्याने सही करतो.

उद्यमबागकर:
गार्डच्या सुट्टीतही सीमाप्रश्न आणलात, धन्य आहात. मंडळ असूनही मुंबईत कमी पगारावर राबणारे गार्ड मी डोळ्यांनी पाहिले आहेत. नियुक्तिपत्राचा मुद्दा खरा आहे, तेवढा मान्य.

शहापूरकर, सध्या लेस्टर:
ब्रिटनमध्ये २०१२ पासून कायदाच आहे की सरकारी संस्थांनी सेवा विकत घेताना सामाजिक लाभाचाही विचार करावा. २०२१ पासून इथल्या केंद्र सरकारच्या मोठ्या कंत्राटांत त्यासाठी किमान १० टक्के गुण ठेवले गेले. म्हणून इथल्या एजन्सींचे आढावेही वृक्षारोपणाच्या छायाचित्रांनी भरलेले असतात, हे हसत कबूल करतो. फरक एवढाच की गुण द्यायचे असल्याने, कबूल केलेले काम झाले का, हे विचारण्याचा अधिकार घेणाऱ्याकडे असतो. शिवाय कंत्राटी गार्डला स्वतःच्या नावाचा परवाना काढून तो ड्युटीवर दिसेल असा लावावा लागतो. आपल्याकडे परवाना एजन्सीचा असतो.

उद्यमबागकर:
आपल्याकडे कंपनी कायद्याचे सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचे) नियम स्वतःच्या कर्मचाऱ्यांवरचा खर्च सामाजिक कार्यात धरतच नाहीत. मग आम्ही झाडांचीच छायाचित्रे छापणार.

टिळकवाडीकर:
धरत नाहीत, कारण पगार देणे हे उपकारात मोडत नाही.

उद्यमबागकर:
बरे, आपण जिंकलात. पुढच्या आढाव्यात झाडे काढून पीएफची चलने (भरण्याच्या पावत्या) छापू. किती लोक अभिनंदन करतात ते पाहू. मात्र ठेकेदाराने पगार थकवला तर तो मूळ मालकाने, म्हणजे काम करून घेणाऱ्याने द्यायचा, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. आपल्या अपार्टमेंटने तीन पाळ्यांचा दर मंजूर करून दाखवावा, मी स्वतः दरपत्रक देतो.

टिळकवाडीकर:
येत्या सभेपूर्वी पाठवा. रिलीव्हरची रक्कम वेगळ्या ओळीत दाखवा आणि मागील महिन्यांची चलने जोडा. सभेत आरडाओरडा होईल, हे मला ठाऊक आहे.

खानापूरचा माजी गार्ड:
नुसती चलने मागू नका, गार्डच्या नावांची यादीही मागा. माझ्या एजन्सीकडे चलन होते. त्यात माझे नाव नव्हते.