संत्र्यांचं काय करता? तुमचे अनुभव सांगा

दिवाळी झाली की काटोलच्या मामांकडून अंबियाच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या बहाराच्या, संत्र्यांची दोन कॅरेट येतात, चाळीसेक किलो, आणि घरात माणसं आम्ही तीन. चार दिवस सगळे खातात, मग शेजारी वाटून होतं आणि मग तळातली मऊ पडायला लागतात. ती फेकायला माझा जीव होत नाही कारण मामांनी उन्हाळ्यात टँकरनं पाणी आणून झाडं जगवलेली मी बघितलीयेत. तर टिकवायला तुम्ही काय करता, काय फसलं, सगळं लिहा. माझ्यापासून सुरू करते. पहिल्या वर्षी बियांसकट मिक्सरमधून काढलं, रात्रभर झाकून ठेवलं, सकाळी जॅम करायला घेतला तर कडू जहर! चार किलो संत्री आणि तीन किलो साखर गेली, मी अक्षरशः रडले. नंतर कळलं की आपल्या संत्र्याचा रस काढल्याबरोबर गोड लागतो पण बिया आणि पांढऱ्या पडद्यामुळे त्यात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य हळूहळू तयार होतं, म्हणून ठेवला की कडवटतो. आता फाका सोलून, बिया काढून, नुसता गर घेते. वेळ लागतो पण दुसरा उपाय नाही.

*

आमच्याकडे नागपूरच्या महाल भागात सालीचा मुरंबा होतो, आईच्या हातचा. साल उलटी धरून पांढरं चमच्यानं खरवडायचं, बारीक पट्ट्या कापायच्या आणि तीनदा उकळून तिन्ही वेळा पाणी फेकून द्यायचं. साल नखानं दाबली की तुटली पाहिजे, त्याच्या आधी साखर घालायची नाही, कारण एकदा साखर पडली की ती मऊ होत नाही, कितीही शिजवा, चामड्यासारखीच राहते. मी घाई केली होती, तो मुरंबा कोणीच खाल्ला नाही. मग सालीच्या वजनाइतकी साखर, दोनतारी पाक, वेलची, शेवटी लिंबू. थंडीत सकाळी गरम पोळीवर तूप आणि हा मुरंबा, याच्यापुढे मला काहीच नको असतं.

*

मनीषनगरला रूमवर राहतो, स्वयंपाक जेमतेम येतो. माझा जॅम घट्टच होत नव्हता, दोनदा सरबत झालं 😔 मग एका मावशींनी सांगितलं सफरचंद घाल. ऑक्टोबरमध्ये काश्मीरची पेटी आली की खालची डागाळलेली स्वस्तात मिळतात, तीच आणली, सडका भाग काढला, सालं आणि मधला गाभा फडक्यात बांधून गरासोबत उकळला कारण घट्ट करणारं पेक्टिन तिथंच जास्त असतं. फोडी पण त्यातच घातल्या. एक किलो गराला पाऊण किलो साखर, दोन लिंबं. स्टीलची ताटली फ्रीजमध्ये ठेवायची, तिच्यावर थेंब टाकून बोटानं ढकलायचा, सुरकुती पडली की गॅस बंद. थर्मामीटर असेल तर 105 अंश.

*

बाबांना शुगर म्हणून साखर निम्मी केली. तीन आठवड्यांत बरणीत वर पांढरी बुरशी. वरचं काढून खालचं खाऊ नका, आम्ही सगळं टाकलं. साखर कमी करायची असेल तर छोट्या बाटल्या, उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या, आणि सरळ फ्रीजमध्ये. आठ-दहा दिवसांत संपेल तेवढंच करा.

*

नरखेडकडची सून आहे मी, बाग घरचीच. धागा वाचून राहवलं नाही. गळलेली फळं जॅमला चालतात असं बरेच जण समजतात, तसं करू नका, पावसात गळलेल्या फळाला देठाकडून सड लागलेली असते, बाहेरून दिसत नाही आणि एक फळ अख्ख्या पातेल्याला वास लावते. झाडावरचंच घ्या, बारीक असलं तरी चालेल, व्यापारी बारीक माल बाजूला काढतो ना, तोच आम्ही घरी ठेवतो. दुसरं, पितळेच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, करत असाल तर कल्हई बघून घ्या, आंबट रस कळकते. माझ्या सासूबाई कल्हईवाला येऊन गेल्याशिवाय पाकाला हात लावत नसत. यावर्षी त्या नाहीत. मागच्या रविवारी मी एकटीनंच सहा किलोचा केला, ढवळताना पाक किती आला हे त्या आवाजावरून सांगायच्या, बुडबुडा जड झाला की "उतरव आता" म्हणायच्या. मी कान लावून उभी होते, आणि या वेळी मला ऐकू आला तो फरक.