पॉलिअ‍ॅनिलीनच्या औष्णिक विघटनात ३६ चे शिखर सुरुवातीपासूनच का दिसते?

प्रश्न
हायड्रोक्लोरिक आम्लाने डोप केलेल्या (म्हणजे आम्ल मिसळून विद्युतवाहक बनवलेल्या) पॉलिअ‍ॅनिलीन या बहुवारिकाचे औष्णिक विघटन मी थर्मोग्रॅव्हिमेट्रीला (तापवताना वजनातील बदल मोजण्याची पद्धत) मास स्पेक्ट्रोमीटर (निघणारे वायू वस्तुमानावरून ओळखणारे यंत्र) जोडून अभ्यासत आहे. तापमान मिनिटाला १० अंश सेल्सिअसने वाढवतो आणि आर्गॉनचा प्रवाह ठेवतो. आधी पाण्याचे १८ चे शिखर (आकडा म्हणजे आयनाचे वस्तुमान-प्रभार गुणोत्तर) येते, आणि ४०० अंशांच्या पुढे साखळी तुटू लागली की अ‍ॅनिलीनचे ९३ चे. या दोहोंच्या मध्ये डोपंट (मिसळलेले आम्ल) बाहेर पडताना हायड्रोजन क्लोराइडचे ३६ चे शिखर मिळायला हवे. परंतु ते भट्टी थंड असल्यापासूनच ठळक असते आणि पुढे त्यावर जेमतेम उंचवटा येतो. शिवाय १७ चा संकेत अमोनियाचा मानावा की पाण्याचा, हेही ठरवता येत नाही.

उत्तर १
दोष नमुन्यात नाही, वायूत आहे. नैसर्गिक आर्गॉनमध्ये सुमारे ०.३३ टक्के आर्गॉन-३६ आणि ०.०६ टक्के आर्गॉन-३८ असते. टक्केवारी किरकोळ वाटली, तरी यंत्रात शिरणारा जवळजवळ सगळा वायू आर्गॉनच असल्यामुळे नमुन्यातून निघणारे थोडेसे हायड्रोजन क्लोराइड त्याखाली झाकले जाते. हेलियम वापरा आणि ३६ व ३८ या शिखरांचे गुणोत्तर पाहा: क्लोरीनच्या समस्थानिकांमुळे हायड्रोजन क्लोराइडचे ते साधारण ३:१ येते, तर आर्गॉनचे ५:१ च्या वर असते.
१७ च्या बाबतीत, पाण्याच्या विखंडनातूनही (यंत्रात रेणू तुटण्यातूनही) १७ मिळते आणि ते १८ च्या साधारण पाचव्या भागाइतके असते. कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट (तापवल्यावर आधी केवळ पाणी सोडणारा क्षार) तापवून आपल्या यंत्रावरचे नेमके प्रमाण आधी मोजा, तेवढे वजा करा, आणि उरेल ते अमोनियाचे समजा.

उत्तर २
वरील मताशी मी सहमत आहे. मात्र भट्टीपासून मास स्पेक्ट्रोमीटरपर्यंतची केशनळीही तपासा, कारण ती कुठे थंड राहिली तर अ‍ॅनिलीनची वाफ आणि हायड्रोजन क्लोराइड तेथे पुन्हा एकत्र येऊन क्षार साचतो आणि दोन्ही संकेत उशिरा किंवा पसरट येतात. मी ती २०० अंशांवर ठेवतो. त्याचबरोबर १२७ आणि १२९ यांवरही लक्ष असू द्या. तेथे ३:१ ची जोडी दिसली, तर ती क्लोरोअ‍ॅनिलीनची असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणजे तापवताना काही क्लोरीन बाहेर न पडता बेंझीनच्या कड्यालाच जोडले गेले. अशा वेळी केवळ ३६ च्या शिखरावरून डोपंट किती गेला हे सांगणे चुकीचे ठरेल. साखळीचे मोठे तुकडे पाहायचे असतील, तर नमुना थेट निर्वातात तापवणारा प्रोबच वापरावा.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. हेलियम लावून मोजणी पुन्हा करतो. तुलनेसाठी तोच नमुना अमोनियाच्या द्रावणाने डोपंटमुक्त करून तापवण्याचा विचार आहे.

उत्तर १
अवश्य करा, फक्त धुलाई काटेकोर असू द्या. त्या प्रक्रियेत तयार होणारे अमोनियम क्लोराइड नमुन्यात उरले, तर तापल्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड दोन्ही निघतात, आणि आपण वेगळे करू पाहत आहात ते नेमके हेच दोन संकेत आहेत. गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर पांढरा गढूळपणा येणे पूर्ण थांबेपर्यंत धूत राहावे.