खाऱ्या पाण्याचा पहिला टँक: कॅनिस्टर की संप?

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याचे टँक आहेत, खाऱ्या पाण्याचा पहिलाच करतोय. माप ३ × १.५ × १.५ फूट, काच अजून कापायला दिलेली नाही. दोन क्लाउनफिश आणि एक गोबी ठेवायचा विचार आहे, कोरल सध्या नको. दुकानदार म्हणतात, कॅनिस्टर (बंद डब्याचा फिल्टर) आणि यूव्ही (जंतू मारणारा दिवा) लावा, भागेल. तेवढ्यावर खरंच भागतं का? नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि लाइट अधूनमधून जाते.

समुद्रवेडा:
काच कापली नाही हे फार बरं झालं. यूव्ही आत्ता घेऊच नका, आणि कॅनिस्टरचे पैसे दगड, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि संपकडे (टँकखालची फिल्टरची टाकी) वळवा.

खाऱ्या पाण्यात खरा फिल्टर म्हणजे सच्छिद्र दगड, त्यात वाढणारे बॅक्टेरिया माशांची घाण पचवतात. तुमच्या टँकमध्ये दगड-वाळू वजा जाता साधारण १५० लिटर पाणी राहील, त्याला १२ ते १५ किलो कोरडा अ‍ॅरागोनाइट किंवा सिरॅमिक रॉक पुरे. किनाऱ्यावरून आणलेला प्रवाळाचा दगड कुणी देऊ केला तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली प्रवाळांना संरक्षण आहे.

कॅनिस्टरमध्ये बॅक्टेरिया वाढतात, ते चांगलंच आहे. पण विष्ठा आणि उरलेलं खाणं त्याच डब्यात अडकून कुजतं आणि नायट्रेट चढत जातं. उघडून धुवायचा कंटाळा येतो, म्हणून महिनोन्‌महिने तसंच राहतं. स्किमर मात्र ही घाण कुजण्याआधीच फेसाबरोबर कपात काढून टाकतो. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात म्हणून तिथे स्किमर चालत नाही. खाऱ्या पाण्यात ते बारीक राहतात. २५० ते ३०० लिटरसाठीचा घ्या. पहिले एक-दोन आठवडे फेस नीट येणार नाही, तो खराब आहे असं समजून परत करू नका.

संप २ × १ × १.२५ फूट. वरून येणारं पाणी आधी फिल्टर फ्लॉसमधून (कापसासारखी गाळणी) जाऊ द्या आणि तो दर तीन दिवसांनी बदला, नाहीतर त्याचाच कॅनिस्टर होतो. पुढे स्किमरचा कप्पा (पाण्याची पातळी कंपनीने सांगितली असेल तेवढीच कायम), शेवटी पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप. टँकमध्ये २००० ते ३००० लिटर प्रति तासाचे दोन वेव्हमेकर (पाणी फिरतं ठेवणारे पंप). दगडामागे पाणी थांबलं की तिथेच घाण साठते.

होटगीरोड_रीफ:
ओव्हरफ्लोचं भोक (ज्यातून पाणी संपमध्ये उतरतं) काचवाल्याकडूनच पाडून घ्या, आणि ती काच टफन केलेली नको, भोक पाडताना फुटते. काठावर टांगायचा सायफन बॉक्स नको. लाइट जाऊन आली की सायफन तुटलेला असू शकतो. मग पंप वर पाणी चढवत राहतो आणि खालची फरशी ओली.

लाइट गेली की वरचं पाणी संपमध्ये उतरतं. तुमच्या मापात एक इंच पातळी म्हणजे साधारण १० लिटर. म्हणून संपमध्ये २० ते २५ लिटर जागा मोकळी ठेवा. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या इंचावर ५ मिमीचं भोक पाडा, म्हणजे हवा शिरून उलटा प्रवाह थांबतो. चेक व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) भिस्त ठेवू नका, मीठ आणि चुना बसून तो अडकतो. मासे सोडण्याआधी पंप मुद्दाम बंद करून बघा.

इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर आधी जोडा, जमल्यास एक एअर पंपही. बॅक्टेरियांना आणि माशांना, दोघांनाही ऑक्सिजन लागतो. बंद कॅनिस्टर काही तासांतच आतून सडतो आणि लाइट आल्यावर तेच पाणी टँकमध्ये सोडतो.

जुळे_सोलापूरकर:
समजलं, संपच करतो. मासे कधी सोडायचे? आणि उन्हाळ्यात चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागेल का? बोअरचं पाणी चालेल का?

समुद्रवेडा:
मासे सोडण्याआधी टँकमध्ये २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) होईल इतका अमोनिया टाका. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की सायकल झाली, म्हणजे ते पचवणारे बॅक्टेरिया पुरेसे वाढले. कोरड्या दगडाला ४ ते ६ आठवडे लागतात. घाई नको, कारण ८.२ पीएचला अमोनियाचा विषारी भाग ७ पीएचच्या दहापटीहून जास्त असतो. मग मोठा वॉटर चेंज करा आणि दोन्ही क्लाउन एकत्र सोडा. गोबी महिन्याभराने.

होटगीरोड_रीफ:
बोअरचं पाणी नको ओ, टीडीएस (विरघळलेले क्षार) फार. घरच्या आरओतही टीडीएस कंट्रोलर असतो, तो कच्चं पाणी मिसळतो. तो बंद करा, मागे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिनचं कार्ट्रिज लावा आणि टीडीएस ५ च्या खाली आणा. नळाच्या दिवशी ५० लिटरच्या फूड-ग्रेड ड्रममध्ये भरून ठेवा. मीठ लिटरमागे साधारण ३७ ग्रॅम. मोजून विशिष्ट गुरुत्व १.०२५ आलं पाहिजे.

चिलर आधी नको. आपली सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे पाण्यावर आडवा वारा देणारे दोन छोटे पंखे तीन-चार अंश सहज उतरवतात. मुंबईच्या दमट हवेत हे जमत नाही. पण मेमध्ये दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडतं. त्याजागी फक्त आरओचं गोडं पाणी घाला, मीठ उडत नाही. पंखे लावूनही पाणी २९ अंशांच्या वर राहिलं तरच चिलर बघा.